विकाऊ घरातली पाच लिंबं

माझे यजमान भूषण रोज सकाळी साडेआठला मोटारसायकलवर पवनीहून भंडाऱ्याला ऑफिसात जातात आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येतात. भंडाऱ्याहून निघताना एक मिस्ड कॉल देतात, वाटेत अड्याळला पोचले की दुसरा. अड्याळचा आला की मी कुकर लावते. नाही आला तर काहीच लावत नाही, दारापुढच्या ओट्यावर जाऊन उभी राहते. माझी चार वर्षांची शालू विचारते, "मम्मी, काय पाहून राहिली?" मी म्हणते, "हवा खाते." एप्रिलमध्ये पवनीत संध्याकाळी कोण हवा खातं, हे त्या लेकराला कळत नाही तोवर ठीक आहे.

शालूचं कागदावरचं नाव शाल्मली. मी गृहअर्थशास्त्रात बी.ए. केलंय, नाव शोधायला तीन पुस्तकं चाळली होती. गल्लीने आठ दिवसांत त्याचं शालू केलं.

तर जानेवारीत एके संध्याकाळी भूषणच्या पुढ्यात रानडुकरांचं अख्खं कुटुंब आडवं आलं. हे गाडीसकट धुऱ्यावरून खाली धानाच्या बांधीत, भातखाचरात. कोपर सोललं, हेल्मेटला चीर गेली. घरी येऊन मोठ्या रंगात सांगत होते, "अन् शेवटचं पिल्लू तर थांबून पाहत होतं माझ्याकडे!" सासूबाई हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धनीरामला फोन केला.

धनीराम म्हणजे आमच्याकडचा दलाल. घरं, प्लॉट, आणि वेळ पडली तर लग्नाची स्थळंसुद्धा. भूषणच्या ऑफिसापासून पायी दहा मिनिटांवरचं एक घर त्यानेच शोधून दिलं. मालक भला माणूस. म्हणाला, "अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, मॅडम. पुढं मात्र दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." म्हणजे त्याआधी आमचं पवनीचं घर विकलं जायला हवं होतं. नाही तर आणखी एक पावसाळा, आणखी एक हिवाळा, आणि तोच रस्ता.

आमचं घर वाईट नाही. सासरे टिकारामजी साड्यांचा व्यापार करायचे, त्यांनी बांधलेलं. चार खोल्या, वर स्लॅब, मागे अंगण, अंगणात सीताफळ, बोअरला बारमाही पाणी. तरी मार्चमध्ये तीन गिऱ्हाइकं आली नि गेली. पहिलं शालूच्या सायकलला अडखळलं. दुसऱ्याने भिंतीवरचा तिने काढलेला हत्ती बराच वेळ पाहिला. तिसरं सासूबाईंच्या गप्पांत असं अडकलं, की स्वयंपाकघर न पाहताच त्याची एस.टी.ची वेळ झाली. तिघांनीही जाताना एकच सांगितलं, "विचार करून कळवतो."

मग नागपूरहून माझ्या नणंदेने, रितानं, एक व्हिडिओ पाठवला. "वहिनी, पाहा. घर विकायच्या आधी सजवा लागते म्हणे."

व्हिडिओत परदेशातली एक बाई होती, खाली हिंदीत लिहून येत होतं. स्वयंपाकघर इतकं पांढरं, की तिथे कधी कोणी फोडणी दिली असेल असं वाटेना. बाईचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला तुमचं घर दाखवू नका, त्याला त्याचं घर दिसू द्या. घरातले फोटो उतरवून ठेवा. देवाधर्माचं सामान काढा. दार मोकळं ठेवा. बिछान्यावर पांढऱ्या चादरी घाला. एक भिंत ताजी रंगवा. टेबलावर काचेच्या भांड्यात पिवळीधमक लिंबं ठेवा. आणि घर का विकता, हे चुकूनही सांगू नका.

मी चार वेळा पाहिला. वहीत उतरवून घेतला. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मला परीक्षेचा पेपर हाती लागल्यासारखं झालं होतं.

त्याच आठवड्यात धनीरामचा फोन आला. "वहिनी, यावेळचं गिऱ्हाईक पक्कं आहे. साकोलीकडच्या एकोडीचे कृष्णराव. पवनीत बी-बियाण्याचं दुकान टाकलं त्यांनी. गुरुवारी येतो म्हणाले."

"बायको येते का सोबत?"

"माय येते. बायको सातव्या महिन्यात आहे, तिले कुठं या उन्हात! पण वहिनी, मायलेच पाहाचं आहे. माय हो म्हणाली तर झालं."

माणूस एकोडीचा, दुकान पवनीत, बायको सातव्या महिन्यात. या तीन गोष्टी जोडायला मला दोन मिनिटंही लागली नसती. पण माझ्या डोक्यात पडदे होते.

बुधवारी सकाळपासून मी कामाला लागले. शालूची खेळणी, जुनी मासिकं, शिलाई मशीन, तेलाचे रिकामे डबे, सगळं धानाच्या कोठीत आणि पलंगाखाली कोंबलं. हत्ती घासून काढला. तो गेला, पण त्याची सोंड काही जाईना, म्हणून तिथे कपाट सरकवलं. सासऱ्यांचा हार घातलेला फोटो, आमचा लग्नाचा फोटो, रिताचा पदवीचा, सगळे उतरवून गादीखाली. खिळे मात्र निघेनात, ते राहिले भिंतीत. दारावरची वाळलेली लिंबू-मिरची कापून टाकली.

राहिले देव. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आई, देव थोडे हलवावे लागतील."

सूप थांबलं. "कुठं हलवतं?"

"दोन तास फक्त. शेजारी शकुनबाईंच्या घरी."

"तिच्या घरी कोंबडं शिजते."

"उद्या गुरुवार आहे. नाही शिजणार."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. व्हिडिओतली बाई लिंबाला फडक्याने पुसत होती. "भूषणच्या जिवासाठी करून राहिली म्हणून चूप बसतो," त्या म्हणाल्या. "नाई तर या बाईले मी सांगतलं असतं."

गुरुवारी सकाळी देव ताटात बसून, वर रुमाल पांघरून, शेजारच्या शकुनबाईंकडे गेले. देवघरामागची भिंत काजळीने काळी झाली होती. ती मी पांढरी केली. घाईत तेवढीच केली, त्यामुळे पिवळ्या भिंतीवर एक पांढरा चौकोन उमटला. रंगाचा वास राहिला, म्हणून सासूबाईंनी आपल्या मनाने लोबान जाळला. चारही खोल्यांत धूर. पलंगावर पांढरी चादर, दिवाणावर पांढरी चादर. आणि मधल्या टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं. बाजारात पिवळी बरी अशी पाचच मिळाली.

म्हणजे दारावरचं एक काढून मी घरात पाच ठेवली होती. हे मला दिसलं नाही. शिकलेल्या माणसाचं असं होतं कधी कधी.

अकरा वाजता ते आले. पुढे धनीराम, मागे कृष्णराव, उंचेपुरे, हातात टोपी. आणि त्यांच्या मागे पार्वताबाई. वाळकी, ताठ, काष्ट्याचं लुगडं. चप्पल काढायच्या आधी त्यांनी चौकटीकडे वर पाहिलं. तिथे लिंबू-मिरचीचा कापलेला काळा दोरा लोंबत होता. मी तोही काढायला हवा होता.

"या ना मावशी. बसा."

त्या बसल्या नाहीत. त्यांनी हळूच नाकाने वास घेतला. "लोबान जाळला?"

"हो. म्हणजे, असंच. वातावरण शुद्ध व्हावं म्हणून."

"काय झालं होतं वातावरणाले?"

मी हसले. कोणी हसलं नाही. कृष्णराव बोअरबद्दल विचारत होते, धनीराम अंगणाची लांबी-रुंदी सांगत होता, आणि पार्वताबाईंची नजर एकेका खिळ्यावरून चालली होती. एक खिळा, दुसरा, तिसरा. मग पांढरी चादर. मग दुसरी पांढरी चादर. मग तो चौकोन.

"इथं काय होतं?"

"देव," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि मी त्यांना काय बोलायचं ते सांगून ठेवलेलं नव्हतं.

"अन् आता?"

यावर शालू पुढे झाली. सकाळपासून तिला कोणी बोलू दिलं नव्हतं. "देव शकुनआजीकडे गेले," ती म्हणाली. "तोंडावर रुमाल घेऊन."

"काहून गेले माय?"

"मम्मी म्हणे, लोकं येऊन राहिले, तर देव घरात नाई पायजे."

मी पुढे होऊन काहीतरी सांगू लागले. व्हिडिओ, परदेश, मोकळी भिंत. पण पार्वताबाईंनी तोवर टेबल पाहिलं होतं. त्या दोन पावलं पुढे गेल्या, मान पुढे काढून भांड्यात पाहिलं, ओठ हलवत लिंबं मोजली. पाच. मागे सरकल्या.

"बाई," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "घर विकून काहून राहिले तुम्ही?"

आणि मी, वहीत लिहिल्याप्रमाणे, म्हणाले, "तसं काही कारण नाही. असंच."

"असंच," त्या म्हणाल्या. "किस्ना, चाल."

"आई, गच्ची पाहाची आहे अजून."

"खालचं पायलं तेवढं खूप झालं. चाल म्हणतो ना."

चहा स्वयंपाकघरातच निवला. त्या बाईंनी घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुपारपर्यंत धनीराम परत आला, एकटा. खुर्चीत बसला आणि भांड्यातलं एक लिंबू उचलून माझ्यासमोर धरलं. "वहिनी, हे काय आहे?"

"सजावट."

"सजावट! अवं, तुम्ही फुलं ठेवतली असती. आंबे ठेवतले असते. बुढी मले रस्ताभर म्हणते, धनीराम, ज्या घरातून देव तोंड झाकून पळाले, तिथं माही सून बाळंत होईन काय?"

"मग तुम्ही का नाही सांगितलं तिला?"

"काय सांगू? मलेच भेव वाटून राहिलं होतं!"

तिकडे शकुनबाई वेगळ्याच अडून बसल्या. सासूबाई देव आणायला गेल्या, तर म्हणाल्या, "आले तसे लगेच कुठं नेता? मी त्यांच्यासाठी शिरा केला. पाहुणे म्हणून आले, एक दिवस राहू द्या." त्यामुळे ती रात्रही आमच्या घरात तो पांढरा चौकोनच होता. आणि शकुनबाई शिरा वाटताना ज्याला त्याला सांगत होत्या, की टिकारामजींचे देव सध्या त्यांच्याकडे आहेत.

त्या संध्याकाळी अड्याळचा मिस्ड कॉल पंचवीस मिनिटं उशिरा आला. पुढे एक धानाचा ट्रॅक्टर उलटला होता म्हणे, रस्ता बंद. काही नव्हतं. पण त्या पंचवीस मिनिटांत मी देवांना शकुनबाईंच्या भिंतीपलीकडून हात जोडले. भूषणना मी सकाळचं सगळं सांगितलं, ते इतके हसले की ठसका लागला. मग माझं तोंड पाहून थांबले.

"होईल गं. दुसरं येईल कोणी."

"अक्षय तृतीयेला बारा दिवस आहेत," मी म्हणाले. "आणि शकुनबाईंचा शिरा खाल्लेली सगळी गल्ली आता आपल्या घराला घाबरते."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. सोमवारी मी हरलेल्या माणसासारखं सगळं परत काढायला घेतलं. कोठीतून खेळणी, मासिकं, डबे. गादीखालून फोटो. देव आधीच येऊन आपल्या जागी बसले होते आणि त्यांच्यामागे पांढरा चौकोन आता बराच उठून दिसत होता. चार खोल्यांत मिळून पाय ठेवायला जागा नव्हती. शालू एका पातेल्यात बसून नाव वल्हवत होती. केसांत जाळं, साडी खोचलेली, हातात सासऱ्यांचा फोटो, अशी मी खिळा ठोकत होते, आणि दाराशी आवाज आला.

"पाणी भेटन काय?"

पार्वताबाई. एकट्या. खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर ओला रुमाल.

माझ्या हातून हातोडी पडली. "मावशी! कृष्णराव?"

"दुकानात हाय. त्याले मालूम नाही. मी एस.टी.नं आलो." त्यांनी पातेल्यातल्या शालूवरून पाय उचलून टाकला आणि आत आल्या. "पोरगी पाहाले जातो तं पहिले सांगून जातो. पक्कं कराच्या पहिले एकदा न सांगता जा लागते. घराचंही तसंच."

"पण तुम्ही तर त्या दिवशी..."

"त्या दिवशी मले घर दिसलंच नाही. कोणाचं घर होतं ते? इथं माणसं रायतात असं वाटेच ना." त्यांनी सासूबाईंनी दिलेलं पाणी घटाघटा प्यायलं. मग देव पाहिले, माझ्या हातातला फोटो पाहिला. "हे कोण?"

"सासरे. सहा वर्षं झाली."

"याच घरात गेले?"

मला वहीतलं पान आठवलं. मी ते मनातल्या मनात फाडलं. "हो. या खोलीत. दुपारी जेवून झोपले, ते उठलेच नाहीत."

"जेवून झोपले," त्या म्हणाल्या. "नशीबवान." आणि त्यांनी मधल्या खोलीतला मासिकांचा ढीग पायाने बाजूला सारला, पिशवी उशाला घेतली आणि जमिनीवर आडव्या झाल्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, पलंगावर झोपा ना. चटई तरी..."

"नोको. घर घ्याचं तं त्याच्या भुईवर एक झोप घेऊन पाहा लागते. झोप आली तं घर चांगलं. नाई आली तं फुकट दिलं तरी नोको. माह्या सासूनं एकोडीचं घर असंच घेतलं होतं." त्यांनी डोळे मिटले. मग एक उघडला. "कूलर बंद कर. कूलर लावला तं कोणतंही घर थंड लागते."

भर दुपारचा एक वाजला होता. बाहेर बेचाळीस डिग्री. मी कूलर बंद केला.

त्यानंतरचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी शालूला जन्म दिला तेव्हाही इतके श्वास मोजले नव्हते. शालूला मांडीवर घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, आणि तिच्या तोंडात एकामागून एक शेंगदाणे घालत राहिले. बोलू नये म्हणून. सासूबाई दारात उभ्या राहून गल्लीतल्या पोरांना हाताने हाकलत होत्या. पाववाला आला, त्याचा भोंगा वाजायच्या आत त्यांनी त्याला दहा रुपयांचे पाव घेऊन वाटेला लावलं. मी पार्वताबाईंच्या पापण्या पाहत होते. हलतात का? हलल्या. माशी. माझ्या मनात आलं, उठून जाऊन माशी मारावी. मग आलं, आवाज होईल. मग आलं, सासऱ्यांसारखं झालं तर! या बाई अशाच इथे... छे.

आणि तेवढ्यात त्या घोरायला लागल्या. अस्सल, खोल, गिरणीच्या पट्ट्यासारखं घोरणं. सासूबाईंनी दारातून मला हाताने खूण केली, जमलं!

अडीच वाजता त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. उशाखालीच असल्यामुळे त्या दचकून उठल्या. बटणांचा फोन, आवाज इतका मोठा की पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. रडवेला बाईचा आवाज. "आई, हे फोन उचलून नाई राहिले. बारा वाजल्यापासून लावून राहिली मी."

"अवं पंचफुला, दुकानात गर्दी असन. सोमवार हाय, बाजार हाय."

"काल संध्याकाळी तं म्हणत होते, टायर चांगलं नाई."

"मी पाहून सांगतो. तू जेवली काय? जेव पहिले." फोन ठेवून त्या बसल्या तशाच बसल्या. पदराने मान पुसली. "सून," मला म्हणाल्या. "रोजचं हाय. किस्ना एकोडीहून निघाला का तिचा जीव तोंडात. संध्याकाळी घरी येईपर्यंत भाकर उतरत नाई तिले. पोटातल्या लेकराले काय भेटत असन?" थांबून म्हणाल्या, "माहाही जीव तसाच रायते. पण मी बुढी, मी बोलत नाई. मधात जंगल लागते. माघल्या महिन्यात अस्वल आलं होतं रोडवर."

"आमच्याकडे रानडुक्कर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. भंडारा, ऑफिस, अड्याळ, धानाची बांधी, हेल्मेटची चीर, दहा मिनिटांवरचं घर, अक्षय तृतीया. सांगता सांगता मी शालूच्या केसांतून हात फिरवत राहिले. शालू म्हणाली, "मम्मी, दुखते."

पार्वताबाई ऐकत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं बाई! मंग हे त्या दिवशी काहून नाई सांगतलं? मी विचारलं होतं ना? 'असंच' म्हणे! चांगलं घर असंच कोण विकते? मी म्हणलं, कोणी तरी लटकलं असन इथं."

"त्या बाईनं सांगितलं होतं, कारण सांगू नका म्हणून."

"कोणती बाई?"

मी फोन आणला. पार्वताबाईंनी तो हातभर लांब धरून अख्खा व्हिडिओ पाहिला. सासूबाई मागून वाकून पाहत होत्या, दहाव्यांदा. लिंबं आली तेव्हा पार्वताबाईंनी श्वास रोखला. "अन् हिच्या शेजारचे काही म्हणत नाई हिले?"

"तिकडे नसतं तसं."

"फोटो काढा, देव काढा, पोराचं सामान काढा. मंग राहते काय घरात? धर्मशाळा?" फोन मला परत दिला. "हे घर विकत नसन. दुकान चालवत असन कशाचं तरी."

सासूबाई खुदकन हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या मनातलं बोललं होतं.

पुढचं धनीरामने केलं. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बुढी तुमच्या घरी झोपली? वहिनी, थट्टा नका करू." पण अर्ध्या तासात कृष्णरावांना घेऊन हजर झाला. त्यांचा फोन दुकानात पोत्याखाली गेला होता. आधी आईने त्यांना पंचफुलाशी बोलायला लावलं, मगच घराचं. किमतीवर घासाघीस झाली, कृष्णरावांनी एक आकडा सांगितला, धनीरामने डोळे मिटून दुसरा, पार्वताबाईंनी दोघांच्या मधला. इसाराचे आगाऊ पैसे बुधवारी द्यायचे ठरले.

"पण एक आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "सून आठव्याच्या आत इथं आली पायजे. मंग मी तिले हलवणार नाई. पंधरा दिवसांत घर खाली करान काय?"

"आठ दिवसांत करू," मी म्हणाले. घाबरट माणूस एकदा ठरलं की कसा घाई करतो, ते मलाच माहीत.

एवढ्यात उजेड तांबूस झाला. कृष्णराव उठले, "आई, निघू. अंधार पडाच्या आत जंगल पार झालं पायजे." त्यांनी गाडीची चावी काढली. मी ओट्यावर उभी होते, रोजच्यासारखी. त्यांच्या गाडीचं मागचं टायर मला तिथून दिसत होतं. कडेला गुळगुळीत झालेलं, एका जागी दोरा बाहेर आलेला.

"तुम्ही जाणार नाही," मी म्हणाले.

"जी?"

"आज राहा इथेच. पंचफुलाताईंना फोन करा. सकाळी टायर बदला, मग जा." मी एका परक्या पुरुषाला हुकूम करत होते, आणि थांबता येत नव्हतं. "मी जाऊ देणार नाही. तुमच्या त्या टायरवर तर मुळीच नाही. तुम्हाला घर घ्यायचं की नाही?"

कृष्णरावांनी आईकडे पाहिलं. पार्वताबाई चप्पल घालत होत्या, त्यांनी ती काढून ठेवली. "बस ना," त्या लेकाला म्हणाल्या. "बाई तुह्या भल्याचं बोलून राहिली."

भूषण आले तेव्हा सात वाजत होते. दारात अनोळखी गाडी, ओट्यावर अनोळखी माणूस शालूच्या पातेल्याची नाव दुरुस्त करून देतोय, आणि आत चार माणसांचा आवाज. त्यांनी हेल्मेट काढलं आणि घाबरून मला विचारलं, "काय झालं?"

"घर गेलं," मी म्हणाले.

"कुठं गेलं?"

त्यांना सगळं कळायला दोन कप चहा लागला. मग ते आणि कृष्णराव बॅटरी घेऊन गच्चीवर टाकी पाहायला गेले. वरून दोघांचा आवाज येत होता, रस्त्याचाच विषय चालला होता, कोणता खड्डा कुठे, कोणत्या वळणावर हॉर्न द्यायचा. दोन मुलं शाळा सुटल्यावर बोलतात तसं.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी सहा माणसांचे तांदूळ धुतले. पार्वताबाई फळ्यांसमोर उभ्या राहून डबे मोजत होत्या.

"हे तिखट-मिठाचे डबे इकडं घ्या," त्या म्हणाल्या. "चुलीच्या डाव्या हाताले. मले तिकडं हात पुरत नाई."

सासूबाईंनी मान वळवली. "अजून इसार नाई झाला, बाई."

"तं बुधवारी होईन ना."

"बुधवारपर्यंत ते तिथंच रायतीन."

पार्वताबाईंनी हळदीचा डबा उचलला आणि डाव्या बाजूला ठेवला. सासूबाईंनी ओल्या हाताने तो उचलून परत जागेवर ठेवला. मी दोघींच्या मधून हात घालून कांदे घेतले आणि चिरायला बसले.